वाहकाचे समदर्शित्व : तारायंत्रापासून इंटरनेटपर्यंत एका तत्त्वाचा इतिहास

‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणजेच इंटरनेटची तटस्थता या विषयावर गेल्या दोन दशकांत बहुतेक सर्व देशांत विपुल लेखन झालेले आहे. त्यातील बराचसा भाग तंत्रज्ञांनी, विधिज्ञांनी आणि वादात प्रत्यक्ष उतरलेल्या पक्षांनी लिहिलेला असल्यामुळे हा प्रश्न जणू संगणकांच्या जाळ्याबरोबरच जन्मास आला, असा समज रूढ झालेला दिसतो. हा समज इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. ज्याच्या हाती वाहून नेण्याचे साधन आहे त्याने वाहून न्यावयाच्या वस्तूंत, ती पाठविणाऱ्यांत वा घेणाऱ्यांत आपपरभाव करू नये, हे तत्त्व तारायंत्राहूनही जुने आहे. निरनिराळ्या देशांनी ते निरनिराळ्या काळी स्वीकारले, सोडले, पुन्हा स्वीकारले; आणि प्रत्येकाने त्याच्या पोटात काही अपवादही ठेवले. त्या अपवादांचा इतिहास हा तत्त्वाच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा असून तो मात्र बहुधा दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

तत्त्वाचे मूळ इंग्लंडच्या रूढ कायद्यात सापडते. नावाडी, सरायवाला, नालबंद हे ज्या अर्थी आपला धंदा सर्वांसाठी खुला असल्याचे जाहीर करतात, त्या अर्थी वाजवी मोबदला देणाऱ्या कोणाही वाटसरूस त्यांस विन्मुख पाठविता येत नाही, असा तेथील न्यायालयांचा जुना दंडक होता. १७०१ साली न्यायमूर्ती होल्ट यांनी टपालासंबंधीच्या एका खटल्यात तो ठळकपणे मांडला. त्यांचे मत त्या खटल्यात अल्पमतात राहिले, हा भाग वेगळा. त्यापूर्वीच सर मॅथ्यू हेल यांनी बंदरांवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले होते की, एखाद्या ठिकाणी एकच धक्का असेल तर त्या धक्क्याची मालकी खाजगी असली तरी तिच्यात लोकहिताचा संबंध उत्पन्न होतो. हाच युक्तिवाद पुढे १८७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागो येथील धान्यकोठारांच्या दरनियंत्रणाचे समर्थन करताना उचलून धरला. धान्याची कोठारे, बंदराचा धक्का आणि तारेचा खांब या तिन्हींत समान असलेली गोष्ट ही की, पलीकडे जाण्यास दुसरी वाट नसते.

आगगाडी आल्यावर या रूढ तत्त्वास लिखित कायद्याचे रूप द्यावे लागले. १८५४ च्या ब्रिटिश कायद्याने रेल्वे व कालवे यांच्या चालकांना कोणत्याही व्यक्तीस वा कोणत्याही प्रकारच्या मालास गैरवाजवी झुकते माप देण्याची मनाई केली. हिंदुस्थानात हीच मनाई १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमात जवळजवळ त्याच शब्दांत उतरली. परंतु कलम उतरले म्हणून तत्त्व उतरले असे होत नाही. याचे फार बोलके उदाहरण हिंदी रेल्वेच्या मालवाहतुकीच्या दरांत मिळते. बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालास आणि बंदरातून आत येणाऱ्या पक्क्या मालास जो दर पडे, त्याहून एका अंतर्गत ठिकाणाहून दुसऱ्या अंतर्गत ठिकाणी जाणाऱ्या मालास मैलागणिक अधिक दर पडे, अशी तक्रार एतद्देशीय व्यापारी व अर्थचिंतक सतत करीत होते. १९१६ ते १९१८ या काळातील औद्योगिक आयोगानेही तिची दखल घेतली. कोणत्याही एका व्यापाऱ्याचे नाव घेऊन त्याला नाडले, असे येथे घडत नव्हते. दरपत्रक सर्वांना सारखेच होते. तरीही त्याच्या रचनेमुळे देशातील कारखानदार मागे पडे आणि परदेशचा माल पुढे सरके. शिवाय दाद मागण्यास कायमचे न्यायपीठ नव्हते. १९२६ साली दरविषयक समिती नेमली गेली ती केवळ सल्लागार स्वरूपाची, आणि खरे न्यायाधिकरण येण्यास स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. दर हेच भेदभावाचे सर्वांत शांत व सर्वांत परिणामकारक हत्यार असते, ही गोष्ट इंटरनेटच्या प्रकरणात पुन्हा प्रत्ययास यावयाची होती.

तारायंत्राच्या बाबतीत तत्त्वाची मांडणी आरंभापासूनच स्पष्ट झालेली आढळते. अमेरिकेत १६ जून १८६० रोजी मंजूर झालेल्या पॅसिफिक तारायंत्र कायद्याने पूर्व व पश्चिम किनारे जोडणाऱ्या तारेस सरकारी साहाय्य दिले आणि त्याबरोबर अट घातली की, कोणाही व्यक्तीकडून वा कंपनीकडून आलेले संदेश ज्या क्रमाने स्वीकारले जातील त्याच क्रमाने निःपक्षपातीपणे पाठविले जावेत. मात्र सरकारी संदेशांना अग्रक्रम असावा. तत्त्व आणि अपवाद एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेले आहेत. पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासाचे बीज या एका वाक्यात आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ब्रिटनमध्ये १८६३ च्या कायद्याने तारकंपन्यांवर सर्वांचे संदेश सारख्याच रीतीने, मेहेरनजर न करता घेण्याचे बंधन घातले.

तथापि व्यवहार निराळा होता. अमेरिकेत गृहयुद्धानंतर वेस्टर्न युनियन ही कंपनी तारांच्या क्षेत्रात जवळजवळ एकछत्री झाली आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेशी तिचे परस्परहिताचे करार झाले. वृत्तसंस्थेने आपले काम याच तारांवरून करावयाचे, आणि तारकंपनीने तिला सवलतीचे दर द्यावयाचे. या दोन मक्तेदाऱ्यांच्या मिठीत नव्या वृत्तपत्रास व प्रतिस्पर्धी वृत्तसंस्थेस श्वास घेण्यास जागा उरली नाही. तारवाल्याने कोणाची तार अडविली नव्हती. दराच्या तफावतीनेच ते कार्य साधले. ब्रिटनमध्ये तारकंपन्या स्वतःच बातम्या गोळा करून प्रांतिक वृत्तपत्रांना विकीत. म्हणजे वाहक हाच व्यापारीही होता. या बातम्यांच्या दर्जाविषयी आणि किमतीविषयी प्रांतिक संपादकांचा असंतोष इतका वाढला की, १८६८ साली त्यांनी स्वतःची प्रेस असोसिएशन स्थापन केली आणि तारा सरकारने ताब्यात घ्याव्यात या चळवळीस बळ दिले. त्याच वर्षी कायदा होऊन ५ फेब्रुवारी १८७० पासून तारा टपालखात्याकडे गेल्या. वृत्तपत्रांच्या तारांना दिवसा ७५ शब्दांस व रात्री १०० शब्दांस एक शिलिंग असा स्वस्त दर कायद्यातच लिहिला गेला. तो खात्याला तोट्याचा ठरला, परंतु तो सर्व वृत्तपत्रांना सारखा खुला होता.

येथे एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. पुढील वाद समजण्यास तो उपयोगी पडतो. वर्गाप्रमाणे दर निराळा ठेवणे आणि व्यक्तीप्रमाणे दर निराळा ठेवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. अमेरिकेच्या १९१० च्या मॅन-एल्किन्स कायद्याने तार व दूरध्वनी कंपन्यांना सार्वजनिक वाहक ठरविले, तेव्हाही दिवसाची तार, रात्रीची तार, वृत्तपत्राची तार, सरकारी तार असे वर्ग पाडण्यास मुभा ठेवली होती. रात्रीची तार कोणीही पाठवू शकतो. परंतु अमक्याच वृत्तसंस्थेची तार कोणी पाठवू शकत नाही. वर्गाच्या आडून व्यक्तीला सवलत दिली जात आहे किंवा कसे, एवढेच पाहावयाचे असते. मात्र ते पाहणे दिसते तितके सोपे नाही.

दूरध्वनीच्या इतिहासात या तत्त्वाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे ऑल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचे साहित्य पुरविणारा व्यावसायिक होता. दूरध्वनी जोडून देणारी बाई त्याला येणारे निरोप त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला. म्हणून त्याने जोडणारे माणूसच काढून टाकणारे स्वयंचलित यंत्र शोधून काढले. यंत्राचे एकस्व १८९१ सालचे आहे, ते निर्विवाद; संशयाची कथा मात्र कितपत खरी हे सांगवत नाही. कथा टिकून राहिली याचे कारण मात्र उघड आहे. जोडणाऱ्याच्या हातात काय सत्ता असते, हे एवढ्या थोडक्यात दुसरी कोणतीही कथा सांगत नाही.

१९३४ च्या दळणवळण कायद्याने अमेरिकेत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन स्थापन झाले आणि त्याच्या २०२ व्या कलमाने अन्याय्य व गैरवाजवी भेदभाव निषिद्ध ठरला. पुढे प्रश्न निघाला तो तारेच्या टोकाला काय जोडावे याचा. हश-अ-फोन या नावाचे एक साधे पेल्यासारखे साधन मुखाशी लावले असता शेजाऱ्याला बोलणे ऐकू जात नसे. आपल्या यंत्रास परके साधन जोडता येणार नाही, असा एटी अँड टी कंपनीचा आग्रह होता, आणि आयोगानेही आधी कंपनीचीच बाजू घेतली. १९५६ साली अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ज्या वापराने खाजगी लाभ होतो पण सार्वजनिक हानी होत नाही, तो वापर करण्याचा ग्राहकाला हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय होता. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने हा हक्क अधिक व्यापक केला. कंपनीच्या परवानगीवाचून तारेला कोणतेही निरुपद्रवी यंत्र जोडता येऊ लागले, म्हणूनच पुढे घरोघरी मोडेम जोडता आले. इंटरनेट ज्या मोकळ्या जमिनीवर वाढले ती अशा निकालांनी मोकळी केली होती. ती नैसर्गिक अवस्था असल्याचे सांगणारे हा भाग बहुधा विसरतात.

यानंतरचा अमेरिकेचा इतिहास हा एका वर्गीकरणाचा इतिहास आहे. १९८० साली आयोगाने मूलभूत सेवा आणि वर्धित सेवा असे दोन भाग पाडले; १९९६ च्या कायद्यात त्यांचे ‘दूरसंचार सेवा’ आणि ‘माहिती सेवा’ असे नामकरण झाले. पहिल्या भागाला सार्वजनिक वाहकाचे बंधन, दुसऱ्याला नाही. घरापर्यंत इंटरनेट आणून देणारी कंपनी यांपैकी कोणत्या भागात मोडते? २००२ साली आयोगाने केबलवरील इंटरनेट दुसऱ्या भागात घातले आणि २००५ साली ब्रँड एक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते मान्य केले. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विरोधी मतपत्रात पिझ्झाच्या दुकानाचा दृष्टान्त दिला. पिझ्झा घरी पोहोचविणारे दुकान ‘आम्ही पोहोचविण्याची सेवा देतच नाही’ असे म्हणू लागले तर ते जसे हास्यास्पद होईल, तसेच हे होय, असा त्यांचा भाव होता. हे न्यायमूर्ती नियमनाचे कैवारी म्हणून ओळखले जात नव्हते, म्हणून त्यांचे हे मत विशेष लक्षणीय वाटते.

‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ हा शब्दप्रयोग प्राध्यापक टिम वू यांच्या २००३ च्या निबंधाने रूढ झाला. त्यानंतर लवकरच त्याची परीक्षा पाहणारे प्रसंग उद्भवले. २००५ साली मॅडिसन रिव्हर या लहानशा दूरध्वनी कंपनीने इंटरनेटवरून होणारी संभाषणे अडविली. तिने १५,००० डॉलर भरून प्रकरण मिटविले. २००७ साली कॉमकास्ट कंपनी बिटटोरंट पद्धतीच्या वाहतुकीत अडथळे आणते असे उघडकीस आले. आयोगाने तिला दोषी ठरविले, परंतु २०१० साली न्यायालयाने आयोगाला तसा अधिकारच नसल्याचे सांगितले. आयोगाने नवे नियम केले. २०१४ साली व्हेरायझन खटल्यात त्यांतील महत्त्वाचा भाग रद्द झाला. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी आयोगाने इंटरनेटसेवेस सार्वजनिक वाहकाच्या भागात आणले. १४ डिसेंबर २०१७ रोजी पुन्हा बाहेर काढले. २५ एप्रिल २०२४ रोजी पुन्हा आत घेतले. या तिन्ही प्रसंगी मतविभागणी तीन विरुद्ध दोन अशी व पक्षनिहाय होती. अखेरीस २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ही सेवा ‘माहिती सेवा’च होय असे ठरवून २०२४ चा आदेश रद्द केला. संदिग्ध कायद्याचा प्रशासनाने लावलेला अर्थ न्यायालयांनी मानावा, हा जुना दंडक सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मोडीत काढला होता; त्याचा हा परिणाम. कॅलिफोर्नियाने २०१८ साली स्वतःचा कायदा केला होता, त्यामुळे तत्त्व त्या देशातून सर्वस्वी हद्दपार झाले असे मात्र म्हणता येत नाही. ज्या देशाने १८६० साली हे तत्त्व एका वाक्यात लिहिले, त्या देशाला दीड शतकानंतर ते कोणत्या कप्प्यात ठेवावे हे ठरविता येऊ नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कायदेमंडळाने स्वतः स्पष्ट शब्द लिहिले असते तर हा हेलकावा टळला असता.

तसे शब्द लिहिण्याचे काम प्रथम केले ते चिलीने. ऑगस्ट २०१० मध्ये त्या देशाने तटस्थतेचा स्वतंत्र कायदा केला. पुढे २०१४ साली तेथील दूरसंचार खात्याने काही ठराविक समाजमाध्यमे फुकट देणाऱ्या योजनाही बंद पाडल्या. नेदरलँड्समध्ये निमित्त घडले ते केपीएन या दूरध्वनी कंपनीचे. लोक संदेशांसाठी व्हॉट्सॲप वापरू लागल्याने तिचे उत्पन्न घटले आणि २०११ साली अशा वापरासाठी वेगळा आकार घेण्याचा मनोदय तिने प्रकट केला. लोकांत क्षोभ उसळला आणि २०१२ साली संसदेने कायदा करून ती वाट बंद केली. युरोपीय संघाने २५ नोव्हेंबर २०१५ रोजी सर्व सदस्यराष्ट्रांसाठी विनियम मंजूर केला. त्यात दरातील भेदाविषयी स्पष्ट मनाई नव्हती, म्हणून पुष्कळ कंपन्यांनी अमुक गाणी, अमुक चित्रपट हिशेबात न धरण्याच्या योजना चालूच ठेवल्या. हंगेरीतील टेलिनॉर प्रकरणी १५ सप्टेंबर २०२० रोजी आणि जर्मनीतील प्रकरणांत २ सप्टेंबर २०२१ रोजी संघाच्या न्यायालयाने त्या पद्धतीवर प्रतिकूल निर्णय दिले. दराची ही पळवाट बुजविण्यास युरोपला साधारण सहा वर्षे लागली.

दक्षिण कोरियाची वाट निराळी आहे. २०१६ पासून तेथील मोठ्या कंपन्यांत, जिच्या जाळ्यातून वाहतूक निघते तिने मोबदला द्यावा असा नियम आला. याचे पर्यवसान आशय पुरविणाऱ्यांकडूनही वाहणावळ मागण्यात झाले. एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्स यांचा दावा २०२१ साली खालच्या न्यायालयात नेटफ्लिक्सच्या विरोधात गेला व सप्टेंबर २०२३ मध्ये तडजोडीने संपला. ट्विच या चित्रप्रसारण सेवेने तेथील वाहणावळ इतर बहुतेक देशांच्या मानाने दहापट असल्याचे सांगून २७ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या देशातून काढता पाय घेतला. आकडा कंपनीचा आहे व तिचे त्यात हितसंबंध आहेत, हे विसरता कामा नये. परंतु टपालाचे तिकीट पाठविणाऱ्याने लावले असता घेणाऱ्याकडूनही पैसे घ्यावेत काय, हा जुना प्रश्न तेथे नव्या वेशात उभा राहिला, एवढे खरे.

आता हिंदुस्थानाकडे वळावयाचे. येथे तार प्रारंभापासूनच सरकारची होती. १८५१ साली विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार झाली आणि १८५५ च्या फेब्रुवारीपासून तारा जनतेस खुल्या झाल्या. १८७० साली समुद्रतळातील तार एडनमार्गे मुंबईस येऊन पोहोचली. म्हणजे येथे खाजगी मक्तेदाराचे भय नव्हते; मालक व वाहक सरकारच होते. म्हणूनच १८८५ च्या तारायंत्र कायद्याचा रोख निराळा दिसतो. त्याच्या चौथ्या कलमाने तारेचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या वा सार्वजनिक सुरक्षिततेच्या प्रसंगी तारयंत्रे ताब्यात घेण्याचा आणि संदेश अडविण्याचा, रोखण्याचा अधिकार सरकारला दिला. १८५७ ची आठवण त्या वेळी तीस वर्षांचीही नव्हती. अमेरिकेत सरकारी संदेशाला केवळ अग्रक्रम होता. येथे दुसऱ्याचा संदेश थांबविण्याची सत्ता होती. स्वातंत्र्यानंतर १९७२ साली या कलमाची शब्दरचना राज्यघटनेशी जुळती करण्यात आली, परंतु सत्ता कायम राहिली. ‘तारायंत्र’ या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस होती की दूरध्वनी, बिनतारी यंत्रणा आणि शेवटी इंटरनेट ही सर्व तिच्यात सामावली. तार ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली; तारेचा कायदा तिच्यामागेही चालू राहिला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने, जिचे मुख्य ठाणे मुंबईस होते, जनतेसाठी इंटरनेट सुरू केले. १९९८ साली खाजगी कंपन्यांना परवाने मिळाले, पण इंटरनेटवरून संभाषण करण्यास १ एप्रिल २००२ पर्यंत मनाई होती. परदेशी दूरध्वनीचे उत्पन्न बुडेल हे भय त्यामागे होते. डिसेंबर २०१४ मध्ये भारती एअरटेल कंपनीने अशाच संभाषणांसाठी वेगळा दर जाहीर केला आणि लोकांच्या रोषामुळे तो स्थगित ठेवला. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने विचारार्थ मसुदा प्रसिद्ध केला, त्यावर दहा लाखांहून अधिक ई-पत्रे आली. तांत्रिक नियमनाच्या विषयावर या देशात यापूर्वी एवढा लोकांचा सहभाग दिसला नव्हता.

खरा कसोटीचा प्रसंग ‘फ्री बेसिक्स’ या योजनेचा. फेसबुक कंपनीने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने काही निवडक संकेतस्थळे विनामूल्य देण्याचे योजिले होते. ज्यांना इंटरनेट परवडत नाही अशा कोट्यवधींना निदान थोडे तरी मिळू द्या, असा त्यामागील युक्तिवाद होता, व तो हलक्याने उडवून लावण्यासारखा नव्हता. या देशात बहुसंख्य लोक तेव्हा जाळ्याबाहेरच होते. काहीच नसण्यापेक्षा हवामान, आरोग्य, नोकऱ्यांच्या जाहिराती मिळणे बरे, असे एखाद्या खेडुताने म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावयाचे? वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन कंपनीने हाच मुद्दा लोकांपुढे मांडला. प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याला उत्तर दिले. आशयानुसार निराळा दर आकारणे वा देऊ करणे निषिद्ध ठरले. भंग झाल्यास दिवसाला ५०,००० रुपये व जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला. बहुसंख्य लोक अद्याप जाळ्याबाहेर आहेत, नेमक्या त्याच कारणास्तव त्यांच्या पहिल्या अनुभवाचा आकार वाहकाने ठरविणे अधिक घातक होय, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते. गरिबीचा जो दाखला योजनेच्या बाजूने दिला जात होता, तोच असा उलटा फिरला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, या १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाचाही प्राधिकरणाने आधार घेतला.

या निर्णयाचे वैशिष्ट्य त्याच्या मार्गात आहे. सेवेचे वर्गीकरण काय, या अमेरिकेला छळणाऱ्या प्रश्नास भारताने हातच घातला नाही. दर ठरविण्याच्या अधिकारातून तत्त्व सिद्ध केले. रेल्वेच्या दरपत्रकाने ज्या देशाच्या उद्योगांना पूर्वी मागे ठेवले, त्या देशाने दरालाच प्रथम लगाम घालावा, यात कार्यकारणसंबंध दाखविता येईल असे नव्हे. पण अनुक्रम मात्र लक्षात राहण्याजोगा आहे. वेग कमी करणे, अडविणे इत्यादी गोष्टींविषयीच्या शिफारशी २८ नोव्हेंबर २०१७ रोजी आल्या, सरकारने त्या जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या व परवान्यांच्या अटींत त्या समाविष्ट झाल्या. जगातील सर्वांत कडक नियमांपैकी हे नियम होत, असे परदेशी अभ्यासकांनीही म्हटले आहे.

परंतु याच काळात दुसरी बाजूही आकार घेत होती. १८८५ च्या त्याच पाचव्या कलमाखाली ७ ऑगस्ट २०१७ रोजी दूरसंचार सेवा तात्पुरत्या स्थगित करण्याचे नियम झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील सेवा बंद झाल्या. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारा होणारे भाषण व व्यवसाय यांना घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले, अनिश्चित काळाची स्थगिती अग्राह्य ठरविली आणि असे आदेश प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. सेवा तत्काळ सुरू करण्याचा हुकूम मात्र दिला नाही. त्यानंतर त्याच महिन्यात काश्मीरमध्ये भ्रमणध्वनीवरील मंदगती इंटरनेट परत आले, ते फक्त सरकारने मान्य केलेल्या संकेतस्थळांपुरते. २४ जानेवारीच्या यादीत अशी ३०१ स्थळे होती. बँका, प्रवासाची तिकिटे, शिक्षण, काही वृत्तपत्रे यांची ती यादी होती. समाजमाध्यमे तीत नव्हती, ती मार्चमध्ये सुरू झाली. वेगवान सेवेस तर ५ फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला.

निवडक स्थळांचे इंटरनेट देऊ करण्यास ज्या देशाने कंपनीला मज्जाव केला, त्याच देशाच्या एका प्रदेशात चार वर्षांच्या आत निवडक स्थळांचेच इंटरनेट सरकारी आदेशाने आले. हेतू निराळे होते. एकीकडे व्यापार होता, दुसरीकडे सुरक्षितता. पण यादी करणारा कोणी एक आणि यादीबाहेर राहणारे जग, ही रचना दोन्हीकडे तीच. श्रीनगरच्या फळव्यापाऱ्याला वा विद्यार्थ्याला आपल्या यादीत नसलेल्या स्थळाविषयी २०१६ च्या विनियमाखाली दाद मागता येत नव्हती, कारण तो विनियम दर आकारणाऱ्या कंपनीस उद्देशून होता. पॅसिफिक तारायंत्र कायद्यातील त्या एका वाक्याचे दोन भाग भारतीय कायद्यात दोन निरनिराळ्या दप्तरांत गेले होते आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडत नव्हती.

 १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेला २०२३ चा दूरसंचार कायदा जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अंमलात येऊ लागला. सेवा स्थगित करण्याची सत्ता त्याच्या २० व्या कलमात स्पष्ट शब्दांत आहे आणि तिच्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियमही झाले. तटस्थतेचे तत्त्व मात्र या कायद्याच्या मजकुरात लिहिलेले नाही. ते पूर्वीप्रमाणेच प्राधिकरणाच्या विनियमात आणि परवान्याच्या अटींत आहे.